आकडा बदलला, मोजणी नव्हे

चालू असलेल्या प्रोग्राममध्ये बाहेरून हात घालण्यासाठी ‘फ्रिडा’ हे मोफत साधन वापरतात. मोबाइल अ‍ॅपची तपासणी करणाऱ्यांच्या ते विशेष परिचयाचे आहे. त्याच्या मार्गदर्शिकेतला फंक्शनांवरचा धडा वर्गात वापरावा का, असे काही शिक्षकांनी विचारले. वापरावा, पण एक वाक्य सुधारून.

धड्यातला प्रोग्राम इवलासा आहे. दर सेकंदाला तो एकाने वाढणारा आकडा एका फंक्शनला देतो. फंक्शन तो पडद्यावर छापते. फंक्शन सुरू होता होता फ्रिडा मध्ये शिरते आणि आलेल्या आकड्याच्या जागी १३३७ ठेवते. (१३३७च का? ती संगणकवाल्यांची जुनी गंमत आहे.) मग पडद्यावर १३३७ची रांग लागते. धडा सांगतो, मोजणी थांबते. ती थांबत नाही! फ्रिडा बाजूला करा. मधले सेकंद धरूनच आकडे पुढे सुरू होतात. मोजणाऱ्याची वही शाबूत होती, निरोप्याच्या हातातली चिठ्ठी तेवढी बदलली होती. धड्यातली खरी शिकण्याजोगी गोष्ट हीच, आणि तीच निसटली आहे.

अक्षरमालेची गोष्ट निराळी. तिथे फंक्शनला अक्षरे मिळत नाहीत, ती स्मृतीत जिथे ठेवली त्या जागेचा पत्ता मिळतो. नवी अक्षरे लिहून पत्ता बदलला, पण ती जागा काम संपण्याआधीच मोकळी झाली, तर प्रोग्राम भलतेच वाचतो. ही सूचना मार्गदर्शिकेत आहे, पण दुसऱ्याच पानावर.

अँड्रॉइडच्या पानावर २०१५च्या ‘सेककॉन’ स्पर्धेतला दगड-कागद-कात्रीचा खेळ घेतला आहे. उदाहरण मजेदार आहे. मात्र तिथे मेथडला दिलेली किंमत बदलतच नाही. मूळ मेथड आहे तशी चालू देऊन नंतर विजयांचा आकडा ९९९ केला जातो. दोन्ही युक्त्यांतला फरक शिक्षकालाच सांगावा लागेल.

आता शाळेतले उदाहरण घ्या. चाचणीचे अ‍ॅप फोनवरच गुण ठरवते आणि ‘गुण पाठव’ या मेथडला तो आकडा देते. तिथे १२चे २० झाले, तर सर्व्हरला २०च कळतात. संशयाला जागाच नाही. उलट, अ‍ॅपने उत्तरे पाठवली आणि गुण सर्व्हरने दिले, तर फोनवर गुणांचा आकडा बदलून फक्त पडदा फसतो. निकालपत्र लावण्यापूर्वी आपले अ‍ॅप यांपैकी कोणते, हे शिक्षकाने बनवणाऱ्याला जरूर विचारावे.

प्रयोग स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामवरच करावा, आणि फ्रिडा बाजूला करण्याआधी पुढचा आकडा कोणता येईल ते विद्यार्थ्यांकडून वहीत लिहून घ्यावे.