आपल्या कथेतला गहाळ अर्ज

एम. एस. सथ्यू यांच्या 'गरम हवा' (१९७३) या चित्रपटात काझिम लग्नासाठी पाकिस्तानातून आग्र्याला येतो. कागदपत्रे नाहीत म्हणून पोलीस त्याला पकडून परत पाठवतात. नात्यापेक्षा कागद मोठा ठरतो, हे तिथे एका प्रसंगातच कळते.

नांदेड-लातूरकडच्या आपल्या कथेत हा कागद आम्हाला सापडत नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनमध्ये नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे फार होरपळले, असे पंडित सुंदरलाल समितीने नोंदवले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. कित्येक घरे तुटली. आपला कथाकार इथपर्यंत येतो. पुढे फुफीचे खत, अम्मीचे अश्रू आणि कथा संपते.

पण राज्यघटनेच्या सातव्या कलमाने १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात गेलेल्यांचे नागरिकत्व नाकारले. पुनर्वसनाच्या किंवा कायमच्या परतीच्या परवान्यावर आलेल्यांनाच त्यातून वगळले. सख्ख्या भावासाठी धावपळ करावी, की चौकशी दारात येईल म्हणून गप्प बसावे? ही घालमेल अश्रूंहून खोल आहे. आपल्या लेखकांनी आता तो अर्ज लिहावा, आणि न लिहिलेलाही.