भयपटाचा नवारंभ आणि रूपांतराची निष्ठा

संगणक बंद करून तो पुन्हा चालू करण्याच्या क्रियेस 'रीबूट' म्हणतात. चित्रपटव्यवसायाने हा शब्द उचलला तो एका विशेष अर्थाने. एखादी चित्रपटमाला आपल्याच भाराने वाकली, की तिचा पूर्वेतिहास पुसून टाकायचा आणि तीच कथा जणू प्रथमच सांगत आहोत अशा थाटात आरंभापासून सांगावयाची, याला आता 'रीबूट' म्हणतात. आपण त्यास 'नवारंभ' म्हणू. भयपटांच्या क्षेत्रात हे नवारंभ इतके झाले आहेत, की त्यांच्याकडे केवळ व्यापारी युक्ती म्हणून पाहून समीक्षेला स्वस्थ बसता येणार नाही. वस्तुतः येथे उपस्थित होणारा प्रश्न भाषांतरकाराच्या चांगल्या परिचयाचा आहे. मूळ कृतीतले काय टाकले तरी चालते, आणि काय टाकले असता ती कृतीच उरत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास एक उदाहरण विशेष सोयीचे आहे, कारण त्यात मूळ कृती, तिचे मराठी रूपांतर आणि तिचा नवारंभ अशी तिन्ही रूपे शेजारी ठेवून पाहता येतात.

1988 साली टॉम हॉलंड यांनी दिग्दर्शित केलेला 'चाइल्ड्स प्ले' हा अमेरिकन चित्रपट प्रदर्शित झाला. त्याची मूळ कल्पना डॉन मॅन्सिनी यांची. पोलिसांच्या गोळीने मरणाऱ्या एका खुन्याचा आत्मा मंत्रबळाने खेळण्यातल्या बाहुल्यात शिरतो, एवढीच त्यातली अद्भुत घटना. परंतु तिला तीन नियमांची चौकट आहे. ज्या व्यक्तीला त्याने आपली खरी ओळख प्रथम सांगितली, तिच्याच देहात त्याला पुढे प्रवेश मिळेल. विलंब झाल्यास तो बाहुल्यातच अडकून पडेल. आणि बाहुल्याचा वध करावयाचा तर घाव हृदयावरच घातला पाहिजे. मॅन्सिनी यांनी 2017 पर्यंत या मालेत सात चित्रपट लिहिले. कधी ती विनोदाकडे झुकली, कधी विद्रूपतेकडे. पण बाहुल्याला ब्रॅड डूरिफ यांचा आवाज राहिला आणि बाहुल्याच्या आत माणूस आहे ही मूळ प्रतिज्ञाही सुटली नाही.

महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' 1993 साली आला. त्याने मूळ कथेचा सांगाडा घेतला, हे उघड आहे. अनुकरणाचा शिक्का मारून तो चित्रपट बाजूस सारणेही तितकेच सोपे आहे. परंतु भाषांतरकाराच्या दृष्टीने पाहिल्यास त्यातले फेरफार अत्यंत बोलके वाटतात. परदेशी मंत्रविद्येच्या जागी मृत्युंजय मंत्र आला. हृदयाऐवजी दोन भुवयांमधील जागा हे मर्मस्थान ठरले. योगशास्त्राने आज्ञाचक्राचे स्थान तेथेच मानले आहे. अजाण बालकाऐवजी लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या आला, आणि हा लक्ष्या शब्दभ्रमकार आहे. जो निर्जीव बाहुल्याला आपला आवाज उसना देतो, त्याच्याच समोर स्वतःच्या आवाजाने बोलणारे बाहुले उभे राहावे, ही कल्पना मूळ चित्रपटात नाही. रामदास पाध्ये यांचे बाहुले आणि दिलीप प्रभावळकर यांचा आवाज यांच्या संयोगाने तात्या विंचू मराठी प्रेक्षकाच्या घरचा झाला. चिन्हे बदलली, नियम मात्र एकही मोडला नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त हास्य आणि भयानक यांचा परस्परविरोध सांगितला आहे. 'झपाटलेला'मध्ये हे दोन्ही रस एकाच देहात नांदतात, कारण लक्ष्या जितका खराखुरा भितो तितकेच आपण हसतो, आणि हसता हसता त्याच्यासाठी भितो. शिवाय झपाटणे हा आपल्याकडे केवळ भीतीचा विषय कधीच नव्हता. एकनाथांनी भुताचे भारूड रचले, त्यातले झपाटणारे भूत अखेरीस पंढरीचा विठ्ठल निघतो. भय, हास्य आणि तन्मयता यांना एकत्र बांधणारा शब्द भाषेत आधीच होता. चित्रपटाने तो शीर्षक म्हणून उचलला.

आता 2019 चा नवारंभ पाहू. लार्स क्लेव्हबर्ग यांनी दिग्दर्शित केलेल्या या नव्या 'चाइल्ड्स प्ले'त मूळ लेखकाचा सहभाग नव्हता. येथे आत्मा नाही, मंत्र नाही. व्हिएतनाममधील कारखान्यात नोकरीवरून काढला गेलेला एक कामगार यंत्रबाहुल्याची सुरक्षाबंधने काढून टाकतो आणि आत्महत्या करतो. ते बाहुले पुढे घातक ठरते. या चित्रपटाला बुद्धी नाही असे कोणी म्हणू नये. पडद्यावरील हिंसा पाहून मुले हसतात, तेव्हा ते बाहुले हिंसा म्हणजे आनंद असे शिकते, हा प्रसंग भयपटाच्या रसिकाला अंतर्मुख करील असाच आहे. तथापि मालेचा तीस वर्षांहून अधिक काळ रसिक राहिलेल्या प्रस्तुत लेखकाला तो पाहताना भय वाटले नाही, आणि त्याचे कारण केवळ स्मरणरंजनात शोधणे बरोबर होणार नाही. यंत्र बिघडले तर अपघात होतो. बाहुल्याच्या आत माणूस असेल तर दुष्टता असते. अपघाताची आपण काळजी करतो, भय वाटते ते इच्छेचे. नवारंभाने नाव ठेवले, बाहुलीपण ठेवले, अंगावरचा वेशही बव्हंशी तोच ठेवला. काढून घेतली ती इच्छा.

प्रत्येक युगाचे भय निराळे असते, आणि आजचे भय यंत्राचे आहे, असा आक्षेप यावर घेता येईल. तो मान्यच आहे. परंतु नव्या भयाला नवे नाव मिळणे अशक्य नव्हते. 'मेगन' या 2022 च्या चित्रपटाने शिकणाऱ्या बाहुलीची कथा स्वतःच्या नावाने सांगितली. दुसऱ्याचे नाव घ्यावयाचे तर त्या नावाचे ऋणही घ्यावे लागते. उलट मॅन्सिनी यांनी 2021 ते 2024 या काळात दूरचित्रवाणीवर मूळ माला पुढे चालवली, तीत काळ बदलला, पिढी बदलली, पण बाहुल्यातला माणूस बदलला नाही.

केवळ नियम पाळल्याने मात्र सर्व साधते असे नाही. 'झपाटलेला 2' (2013) हा कोठारे यांचाच. तात्या विंचूचा आवाज प्रभावळकरांचाच. बेर्डे 2004 साली निवर्तले होते. त्यामुळे कथा लक्ष्याच्या मुलाकडे आली. नियमांशी हा चित्रपट प्रामाणिक आहे, पण त्रिमिती चित्रणाच्या मोहाने तो वस्तू आपल्या डोळ्यांवर फेकत राहतो. आपण दचकतो. दचकणे ही शरीराची प्रतिक्रिया होय. तिला भयानक रसाची प्रतिष्ठा येण्यास पडद्यावर आपल्यावतीने भिणारे कोणीतरी लागते. ते काम लक्ष्या करीत असे. म्हणजे नियमाला धारण करील असे पात्रही हवे.

पात्र बदलून नियम कसा टिकवावा, याचा वस्तुपाठ काशीसमोर गंगेच्या पैलतीरी रामनगरला दरवर्षी पाहावयास मिळतो. तेथील रामलीलेला सुमारे दोनशे वर्षांची परंपरा आहे आणि ती जवळजवळ महिनाभर चालते. ध्वनिवर्धक नाही, विजेचे दिवे नाहीत. अयोध्या, जनकपूर, लंका अशी स्थळे गावभर विखुरलेली, आणि हाती 'मानसा'ची पोथी घेतलेला प्रेक्षक लीलेमागून चालत असतो. पुढे काय घडणार हे त्याला पाठ असते. राम-लक्ष्मणादी स्वरूपे होणारी मुले वयात येईपर्यंतचीच असल्यामुळे पुनःपुन्हा बदलतात. मुकुट मस्तकी चढला की नव्या मुलाच्या ठायी तेच स्वरूप मानले जाते. भक्तीची आणि भयपटाची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. पुनरावृत्तीचे तत्त्व तेवढे घ्यावयाचे आहे: देह नवा, अधिष्ठान तेच. याच गंगेच्या काठी, काशीत, एकनाथांनी 1573 साली आपले भागवत पूर्ण केले. त्यांनी भाषा पालटली, श्रोता पालटला, विस्तार केला. पण भागवताचा गाभा सोडला नाही.

या कसोटीवर मराठी 'झपाटलेला' हा नाते न सांगताही निष्ठावंत ठरतो, आणि 2019 चा चित्रपट नाते सांगूनही परका राहतो. रूपांतराची निष्ठा नामसाम्यात अगर वेषसाम्यात नसून कृतीच्या अंतर्नियमात असते. नवारंभांची लाट ओसरेल असे दिसत नाही, आणि ओसरावी अशी इच्छा धरण्याचेही कारण नाही. फिरून सांगणे हा कथेचा धर्मच आहे. समीक्षकाने मात्र प्रत्येक वेळी विचारले पाहिजे, की या नव्या देहात कोण शिरले आहे. देह रिकामाच असेल, तर रंग कितीही चढवले तरी भिण्याजोगे तेथे काही उरत नाही.