कानातल्याची जवारी

मागच्या उन्हाळ्यात मिरजेला आत्याकडे गेले होते. पायरीवर चपला काढताना उजव्या कानातला इअरबड निसटला आणि मोगऱ्याच्या कुंडीत जाऊन पडला. "अगं बाई, माझं कानातलं पडलं!" मी ओरडले. आत्या हातातली पोथी तशीच टाकून आली. "कुडी का झुबा? फिरकी घट्ट नव्हती का?" म्हणत तिने कुंडीत हात घातला, आणि तिच्या बोटांना लागलं ते पांढरं प्लॅस्टिक. ते तिने उलटंपालटं करून पाहिलं, पदराला पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "एवढ्यासाठी ओरडलीस होय!"

पण शब्द चपखल आहे. 'ट्रू वायरलेस इअरबड्स' हे दुकानातलं नाव झालं. घरात ते 'कानातलं'च. जोडीने येतं, डबीत राहतं, एक हरवलं की उरलेल्याचं काय करायचं कळत नाही. डबीचं झाकण 'टक' करून बसतं, तेव्हा मला आजीच्या कुंकवाच्या करंड्याची आठवण येते. डबीतलं चुंबक बडला अलगद ओढून घेतं, त्या क्षणाचं सुख या वस्तूच्या घडणीतलं पहिलं सुख आहे. ऐकण्याआधीच ते मिळतं.

आमच्या घरात सध्या अशा तीन जोड्या आहेत. माझी बाराशे रुपयांची, टोकाला सिलिकॉनची टोपी असलेली. नवऱ्याची वीस हजारांच्या वरची, तीही टोपीची, पण बाहेरचा आवाज मारणारी. आणि मुलीची बिनटोपीची, दांडीवाली, कानाच्या पाळीत नुसती टेकणारी. कंपन्यांची नावं सांगत नाही. मॉडेलं दर पावसाळ्याला बदलतात. घडणीचे हे तीन प्रकार मात्र टिकून आहेत. रोजच्या वापराला यातलं कुठलं बरं, हा प्रश्न शेजारीपाजारी मला विचारतात, आणि उत्तराची सुरुवात मी तानपुऱ्यापासून केली की विचारल्याचा त्यांना पश्चात्ताप होतो.

कवितेचं रसग्रहण करताना एखादी ओळ पुन्हापुन्हा म्हणून बघतात. माझ्याकडे तशी ओळ आहे. एका मैत्रिणीच्या भावाने त्याच्या काळी एकच्या तानपुऱ्याचं वीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण मला पाठवलं होतं. गाणं नाही, तबला नाही. पंचम, जोड, जोड, खर्ज, पुन्हा पंचम. गेले कित्येक महिने कुठलंही कानातलं हाती आलं की मी आधी हे लावते. लोक दणदणीत ठेक्याची गाणी लावून बघतात. त्यात वाईट कानातलंही रंगून जातं. तानपुऱ्यात त्याला लपायला जागा नाही.

कारण तानपुरा वरवर दिसतो तितका साधा नाही. काळी एकचा पुरुषी षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९च्या आसपास. पण त्या तारेतून ६९ हर्ट्झ फारसं ऐकू येतच नाही. घोडीच्या किंचित उतरत्या, रुंद पाठीवर तार घासत कंप पावते आणि तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वर झळाळून उठतात. ही जवारी. पाचपटीला, म्हणजे ३४६च्या आसपास, न छेडलेला गंधार येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, आणि तो चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यातून इतका स्पष्ट बोलतो की पाचवी तार आहे की काय असं वाटावं. सी. व्ही. रामन यांनाही तानपुऱ्यातल्या या वरच्या स्वरांचं कुतूहल होतं आणि १९२१ साली त्यांनी त्यावर लिहिलं होतं. मिरजेतल्या कारागिरांना रामन माहीत असोत वा नसोत, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा निवडण्यापासून घोडी घासण्यापर्यंत त्यांचा सगळा जीव या झळाळीवर असतो. २०२४ साली मिरजेच्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

तर ही ओळ तिन्ही जोड्यांवर म्हणून बघितली.

मुलीची बिनटोपीची जोडी आधी. पंचम लख्ख. जोडही छान सुटा. खर्ज मात्र बारीक, कागदावर काढल्यासारखा. कान बंद होत नाही, त्यामुळे खालचे स्वर फटीतून निसटून जातात. त्याला इलाज नाही. पण गंमत अशी की खर्ज 'नाही' असं मन म्हणत नाही. वरचे स्वर क्रमाने हजर असले की मेंदू खालचा पाया आपणच भरून काढतो. फोनच्या इवल्याशा स्पीकरवर आपण पुरुषाचा जाड आवाज ओळखतो, तो याच जोरावर. शिवाय पोळी भाजताना कुकरची शिट्टी मोजता येते, दारावरची बेल कळते, आणि स्वतःचं चघळणं डोक्यात धडधडत नाही. कान टोपीने बंद केला की हाडांतून येणारा आपलाच आवाज आत कोंडतो. शेंगदाणे खाताना टोपीवालं कानातलं घालून बघा. ही जोडी घरातली आहे. ती ऐकणाऱ्याला घरातून उठवत नाही.

मग नवऱ्याची. झाकण उघडतानाच कळतं की पैसे कुठे गेले. तानपुरा लागला आणि भोपळा दिसला, असंच म्हणेन. खर्ज पोटातून आला, त्यावर गंधार मधाच्या धारेसारखा, आणि जोडाच्या दोन तारा एकमेकींना घासून जातात ती नुसती कुजबुजही. याच जोडीत किशोरीताईंचा भूप लावला. भूपात मध्यम नाही, निषाद नाही. सगळा डोलारा गंधारावर. गाणाऱ्याने गंधार लावायच्या आधीच तानपुरा तो देऊन ठेवतो आणि स्वर त्यात विरघळतो. इतकी वर्षं हे वाचून माहीत होतं. ऐकलं तेव्हा डोंबिवलीचा पाच नंबरचा फलाट होता आणि माझी गाडी निघून गेली.

महाग वस्तू चांगली निघाली यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं माझ्या बाराशेच्या जोडीत घडलं.

तिच्यावर ही ओळ मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा हताश झाले होते. खर्ज गायब, जवारी पत्र्याच्या डब्यात वाळू हलवल्यासारखी. स्वस्तातलं घेतलं की असंच, असं म्हणून गप्प बसले. पुढे एकदा लोकलमध्ये बाजूच्या बाईच्या कोपराचा धक्का बसला आणि डावा बड कानात थोडा फिरला. तेवढ्यात, तेवढ्याच कानात, गंधार उमटला. मी बोटाने परत फिरवला, गेला. पुन्हा फिरवला, आला.

तानपुरा जुळवणारा शेवटी काय करतो? खुंट्या झाल्या, मणी झाले, मग घोडीवर तारेखाली ठेवलेलं सुती धाग्याचं सूत तो केसभर पुढेमागे सरकवतो. एका जागी तार मुकी असते. केसभर पुढे ती बोलायला लागते. तार तीच, घोडी तीच. कानातल्याची जवारी तशीच निघाली. घरी येऊन खोक्यातल्या इतर टोप्या शोधल्या. टोपीवाल्या जोडीबरोबर लहान, मध्यम, मोठी अशा टोप्या येतात. मध्यम लावलेली असते आणि उरलेल्या खोक्यासकट माळ्यावर जातात. माझा उजवा कान मध्यम आहे आणि डावा लहान, हे चाळीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. डावीकडे लहान टोपी लावली, किंचित मागे वळवून बसवली. फट बुजली, खालचे स्वर आत राहिले, आणि त्यांच्या आधाराने वरची वाळू जवारी झाली. नवऱ्याच्या जोडीइतकं देखणं नाही. मधाची धार नाही, गुळाचं पाणी म्हणा. पण गंधार होता.

या शोधानंतर कोडेकच्या चर्चेत माझं मन रमत नाही. ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवावा लागतो. सीडीतला प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिटचा, तर सगळ्या उपकरणांना बंधनकारक असलेली एसबीसी ही पद्धत चांगल्यातली चांगली चालली तरी ३२८च्या घरात. सोनीची एलडीएसी पद्धत ९९०पर्यंत जाते, पण हवा गर्दीची झाली की ६६० आणि ३३० अशा पायऱ्या उतरते. दादरच्या पुलावर ती कुठल्या पायरीवर असेल ते सांगायला नको. तानपुऱ्यावर दोन्ही आलटूनपालटून ऐकल्या. मला फरक कळला नाही. टोपी अर्धा मिलिमीटर हलली की कळतो.

तारेशिवाय दोन कानांत एकच आवाज एका वेळी पोचतो, ही करामत मात्र आपण फारच लवकर गृहीत धरली. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं आणि आपलं डोकं म्हणजे बरंचसं पाणीच, त्यामुळे एका कानातून दुसऱ्या कानाला निरोप पोचवणं अवघड. जर्मनीतल्या ब्रागी कंपनीने २०१४ साली लोकवर्गणीतून पहिली गाजलेली जोडी जाहीर केली, तेव्हा डोक्याच्या आरपार जायला त्यांनी चुंबकीय प्रेरणेचा आधार घेतला. २०१६च्या डिसेंबरात ॲपलचे एअरपॉड्स बाजारात आले; एकेक जेमतेम ४ ग्रॅमचा. तेव्हा लोक त्यांना टूथब्रशची डोकी म्हणून हसले होते. आता डोंबिवली फास्टच्या महिला डब्यात ती नसलेला कान शोधावा लागतो.

लोकलचा विषय निघालाच आहे, तर बाहेरचा आवाज मारण्याबद्दल. बडच्या अंगावरचा माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि आत त्याची उलटी लहर सोडतो. दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. कल्पना १९३०च्या दशकातली, पाऊल ल्यूग या जर्मन माणसाच्या पेटंटमधली. तिला हेडफोनपर्यंत आणण्यातला मोठा वाटा अमर बोस यांचा. वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले, स्वातंत्र्यलढ्यातले. १९७८ साली झुरिकहून परतताना विमानाच्या घरघरीत संगीत ऐकू येईना, म्हणून तिथेच बसून त्यांनी आकडेमोड सुरू केली. सतत चालणारा खालचा आवाज या युक्तीला उत्तम मारता येतो: गाडीची घरघर, एसी, पंखा. 'चला चला, पुढे चला' वगैरे अचानक आणि उंच पट्टीतलं तिला तितकंसं जमत नाही. तिथे टोपीच कामाला येते. आणि मला याचं मोल आरामापेक्षा कानाच्या आरोग्यासाठी जास्त वाटतं. बिनटोपीच्या जोडीत लोकलच्या वर आवाज चढवावा लागतो, तो चढवलेलाच राहतो. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक मानते. डोंबिवली-दादर रोजचं जाणंयेणं असलं की हिशेब आपोआप डोक्यात येतो.

मिरजेला मात्र या युक्तीची फजिती झाली. आत्या संध्याकाळी तानपुरा घेऊन बसली आणि माझ्या कानात नवऱ्याची जोडी होती, आवाजमारी चालू. समोर आत्याची बोटं तारांवरून फिरत होती आणि खर्ज नव्हता. जोड अर्धामुर्धा. उरली होती वरची थोडी चकाकी, तीही शेजारच्या घरातून आल्यासारखी. यंत्राचं चुकलं नव्हतं. सतत, संथ, खालचा, न थांबणारा आवाज म्हणजे गोंगाट, ही त्याची व्याख्या. तानपुरा तिच्यात काठोकाठ बसतो. फोनमधला तानपुरा त्याला आपला वाटतो, समोरचा परका.

बाकीचं थोडक्यात. फोन आला की तिन्ही जोड्यांतली श्रीमंती एकदम उतरते, कारण बोलणं आणि ऐकणं दोन्ही बाजूंनी चालवायला ब्लूटूथ वेगळ्या, अरुंद वाटेने जातं, आई म्हणते, "विहिरीतून बोलतेयस का गं?" आवाज हवेतून यायला सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा लागतो, म्हणून फोनच्या पडद्यावर मात्रा बघत त्यातल्या तबल्याबरोबर रियाज करू नये, तानपुऱ्याबरोबर खुशाल करावा, त्याला समेवर यायचं नसतं. आणि बॅटरी. दोन-तीन वर्षांत ती दमते आणि बहुतेक जोड्यांत बदलता येत नाही. आत्याचा तानपुरा तिच्या सासऱ्यांनी घेतलेला आहे. फेअरफोन कंपनीने २०२४ साली बॅटरी बदलता येणारी जोडी आणली, आणि युरोपात २०२७पासून बॅटरी ग्राहकाला काढता यावी असा नियम येतो आहे. आपल्याकडे अजून जुनं कानातलं ड्रॉवरमध्येच जातं.

निघायच्या आदल्या रात्री आत्या म्हणाली, "बघू तुझी ती शेंग." मी नवऱ्याची जोडी पुढे केली. "ती नको. कुंडीतली दे." माझी बाराशेची तिच्या कानात बसवली. तिने नाक मुरडलं. "पत्रा आहे गं नुसता." मी टोप्या बदलल्या. ती गप्प राहिली आणि स्वतःच अंगठ्याने बड हळूहळू फिरवू लागली, मान किंचित वाकडी करून, घोडीवरचं सूत सरकवताना करते तशी. एका जागी थांबली. डोळे मिटले. पंचम, जोड, जोड, खर्ज. दोन आवर्तनं, तीन आवर्तनं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता गंधाराबद्दल काही म्हणेल असं वाटलं.

"कोणी जुळवलाय हा?"

"मैत्रिणीचा भाऊ. का?"

"जोडातली दुसरी तार उतरलीय."

मी बड काढून घेतला, माझ्या कानात घातला, फिरवला. महिनोन्‌महिने ज्या कुजबुजीला मी तारांचं घासणं समजत होते, ती संथ लाटेसारखी वरखाली होत होती.