चेहऱ्यावरून निकाल

मार्च २०२४ मध्ये, रमजानचा चाँद दिसायला आठवडाभर असताना, सुप्यातील आमच्या घरी चार रात्री एका खुनाचा खटला चालला. न्यायाधीश घरचेच होते. माझी बायको, तिची थोरली बहीण म्हणजे आमच्या आपा, एमआयडीसीत पहिली पाळी करून आलेला भाचा आणि मी. आरोपी इंद्राणी मुखर्जी. नेटफ्लिक्सवरची ‘द इंद्राणी मुखर्जी स्टोरी : बरीड ट्रुथ’ ही चार भागांची मालिका आम्ही रोज एक भाग याप्रमाणे पाहिली. पहिल्या भागाचा अर्धा तासही झाला नव्हता, तोच आपांनी निकाल देऊन टाकला, “रोती भी नहीं. माँ है क्या ये?” भाच्याने मान डोलावली. मीही डोलावली, हे कबूल करतो.

मालिकेच्या गुणदोषांपेक्षा तिच्या प्रेक्षकाविषयी, म्हणजे आपल्याविषयी, मला येथे लिहायचे आहे. तरी प्रकरण थोडक्यात सांगितले पाहिजे. शीना बोरा २४ एप्रिल २०१२ रोजी मुंबईतून नाहीशी झाली. महिनाभराने रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात एक जळका मृतदेह सापडला. प्रकरण उघडकीस आले ते तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१५ मध्ये, दुसऱ्याच गुन्ह्यात पकडलेल्या ड्रायव्हरच्या जबानीवरून. आई इंद्राणीला अटक झाली. साडेसहा वर्षे तुरुंगात काढल्यावर मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. तिने आरोप सतत नाकारले आहेत. मालिका आली तेव्हा खटला चालूच होता आणि म्हणूनच सीबीआयने तिचे प्रदर्शन थांबवावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती मंजुषा देशपांडे यांच्या खंडपीठाने ती आधी पाहिली. खटल्याला बाधा येईल असे तिच्यात काही नाही, असे ठरवून त्यांनी २९ फेब्रुवारी २०२४ रोजी याचिका फेटाळली.

न्यायमूर्तींचा निर्णय योग्यच होता. आरोपीला स्वतःच्या तोंडाने बोलता यावे, ही काही वाईट गोष्ट नाही. २०१५ मध्ये वृत्तवाहिन्यांनी या बाईविषयी रात्रंदिवस बोलून घेतले होते; तिला मात्र बोलायची सोय नव्हती. एवढे श्रेय मालिकेला दिलेच पाहिजे. पण न्यायाधीशांनी मालिका पाहिली ती खटल्याला धोका आहे का, हे तपासण्यासाठी. आम्ही पाहिली ती खटला निकाली काढण्यासाठी. एकच चित्र, पण पाहण्याचा हेतू वेगळा.

मालिकेची रचनाही या हेतूला खतपाणी घालते. इंद्राणीचा चेहरा पडदाभर येतो आणि तिथेच थांबतो. पापणी लवते का, ओठ थरथरतात का, हे आपण निरखू लागतो. मग मुलगा मिखाईल बोलतो आणि पारडे फिरते. धाकटी मुलगी विधी बोलते, पुन्हा फिरते. ध्वनिमुद्रित केलेले घरातले फोन ऐकवले जातात. प्रत्येक भागाच्या शेवटी एक अर्धवट वाक्य टांगून ठेवलेले असते. दुसऱ्या रात्री भाचा म्हणाला, हिने केलेले नाही. तिसऱ्या रात्री म्हणाला, हिनेच केले. दरम्यान पुरावा बदलला नव्हता. बोलणारा माणूस बदलला होता. ड्रायव्हर पुढे माफीचा साक्षीदार झाला. अशा साक्षीदाराच्या शब्दाला दुसऱ्या पुराव्याचा आधार शोधावा, ही न्यायालयांची जुनी शिस्त. आमच्याकडे त्याचे दोनच प्रकार झाले : “बिचारा खरे बोलतो” आणि “स्वतःला वाचवतो”.

सर्वांत मार्मिक समीक्षा आपांनीच केली, चौथ्या रात्री टीव्ही बंद झाल्यावर. “उस लडकी का तो कुछ पता ही नै चला.” खरेच होते. शीना छायाचित्रांत दिसते, इतरांच्या बोलण्यात येते. ती कशी होती, तिला काय हवे होते, हे कळत नाही. चार रात्री आम्ही आईच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ज्या मुलीसाठी हा सारा न्याय, ती कडेलाच राहिली.

इथपर्यंत हा लेख कुठल्याही वाचकासाठी लिहिता आला असता. पण चेहऱ्यावरून निकाल देण्याची सवय आपल्या समाजाला किती महाग पडली आहे, हे आपण विसरू शकत नाही. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले. तेरा जणांवर खटला चालला. वर्तमानपत्रांत फोटो यायचे त्यात आरोपींची तोंडे काळ्या कापडाने झाकलेली असत. चेहराही लागत नव्हता, नाव पुरेसे होते. त्या दिवसांत सुप्याच्या स्टँडवर चहा पिताना कोणीतरी विषय काढला. मी म्हणालो, “काहीतरी केले असेल, उगीच कोण कोणाला धरते?” आणि ते जरा मोठ्यानेच म्हणालो. आजूबाजूच्यांना ऐकू जावे म्हणून. मला काहीही ठाऊक नव्हते. मी तो निकाल माझ्या जीवाच्या भीतीने दिला होता. त्या आरोपींना मी कधी पाहिलेही नव्हते.

२०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. तेरावे अब्दुल वाहिद शेख, मुंबईचे शिक्षक, नऊ वर्षे कैदेत काढून निर्दोष सुटले. त्यांनी ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिले आणि बाकीच्यांसाठी बोलत राहिले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यांतील एक जण २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता. मकोकाखाली घेतलेले कबुलीजबाब न्यायालयाने विश्वासार्ह मानले नाहीत. शंभरहून अधिक दिवसांनी आरोपींना ओळखणाऱ्या टॅक्सीचालकांना ते चेहरे इतके लक्षात राहण्याचे काय कारण, असेही विचारले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली ती इतर खटल्यांत त्याचा दाखला दिला जाऊ नये एवढ्यापुरती. सुटलेल्यांना परत तुरुंगात जावे लागले नाही.

इंद्राणीच्या चेहऱ्याकडे पाहून आम्ही निदान चार रात्री डळमळलो. एका रात्री का होईना, “नसेलही केले” असे म्हणालो. त्या बारा जणांविषयी एकोणीस वर्षांत असे म्हणणारे किती निघाले? संशयाचा फायदा हा कायद्याने प्रत्येक आरोपीला दिलेला हक्क आहे. प्रेक्षक मात्र तो त्यालाच देतो, ज्याच्या दारात कॅमेरा खुर्ची टाकून बसतो. आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील खर्ड्यात, एप्रिल २०१४ मध्ये नितीन आगे या दलित मुलाचा खून झाला. साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले. त्याच्या आईचा चेहरा आपण किती रात्री निरखला?

सूरह हुजुरात आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी मक्तबमध्ये पढली आहे. तिच्यात सांगितले आहे की कोणी बातमी आणली तर ती पडताळून घ्या. फार संशय घेऊ नका. दुसऱ्याच्या उणिवांची टोह घेत फिरू नका. उलेमा ज्याला तजस्सुस म्हणतात ते हेच. अशा मालिकांची सारी गोडी या तजस्सुसमध्ये आहे, हे मान्य करायला हवे. म्हणून त्या पाहूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. पाहाव्यात, पण बातमी पडताळण्याची आज्ञा आणि टोह घेण्याची मनाई एकाच सूरहमध्ये का आहेत, याचा विचार करत पाहाव्यात. पडताळणारा थांबायला तयार असतो. टोह घेणाऱ्याला पुढचा भाग आजच हवा असतो.

जुलै २०२५ मध्ये निकालाची बातमी आली त्या संध्याकाळी भाचा घरी आला होता. बातमी ऐकून त्याने विचारले, “मामू, मग बॉम्ब ठेवले कोणी?” त्या गाड्यांतून घरी न पोचलेल्या माणसांच्या नातेवाइकांचाही तोच प्रश्न असणार आणि तो विचारण्याचा हक्क त्यांना आहे. मी म्हणालो, “माहीत नाही, बेटा.” २००६ साली स्टँडवर मला एवढेच म्हणायचे होते.