महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची मद्यपान व मानसिक आरोग्यविषयक चाळणी : प्रश्नावलीची एक चिकित्सा

अमेरिकेतील महाविद्यालयांमध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची सामूहिक चाळणी करण्याची प्रथा १९९० च्या दशकात रुजली. १९९१ मध्ये राष्ट्रीय नैराश्य चाळणी दिन सुरू झाला आणि १९९९ मध्ये त्याच धर्तीवर मद्यपान चाळणी दिनाची भर पडली. दरम्यान हार्वर्डच्या हेन्री वेक्सलर यांचे १४० महाविद्यालयांचे सर्वेक्षण प्रसिद्ध झाले होते. १९९३ मध्ये केलेल्या या पाहणीत सुमारे ४४ टक्के विद्यार्थी अतिरेकी मद्यपान करणारे आढळले. मागील दोन आठवड्यांत मुलांनी एका बैठकीत सलग पाच व मुलींनी चार पेये घेणे ही त्याची व्याख्या. या आकड्याने प्रशासन हादरले आणि सर्वांना एकाच चाळणीतून काढावे हा उपाय स्वाभाविक वाटू लागला. हेतूविषयी शंका नाही. परंतु खुद्द चाळणीची तपासणी मात्र क्वचितच झाली.

अशा तपासणीचा मानदंड विल्सन व युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्येच घालून दिला होता. त्यांच्या दहा निकषांपैकी दोन येथे विशेष महत्त्वाचे ठरतात. निदान व उपचाराची सोय उपलब्ध असली पाहिजे आणि रुग्णशोध ही एकदाच उरकण्याची नव्हे, तर सातत्याची प्रक्रिया असली पाहिजे. वर्षातून एक ‘दिन’ साजरा करण्याची कल्पनाच दुसऱ्या निकषाशी विसंगत आहे.

मद्यपानासाठी सर्वाधिक वापरली जाणारी ‘ऑडिट’ ही प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेने ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे व अमेरिका या सहा देशांतील प्राथमिक आरोग्यसेवेच्या रुग्णांवरून सिद्ध केली. तिच्यात दहा प्रश्न असून गुण ० ते ४० आहेत. ८ किंवा अधिक गुण म्हणजे धोक्याची सूचना. पहिले तीन प्रश्न प्रमाणाविषयी, पुढील तीन अवलंबित्वाविषयी आणि शेवटचे चार हानीविषयी आहेत. ही रचना प्रौढ मद्यपीला अनुरूप आहे. सकाळी उठताच मद्य लागते काय, हा सहावा प्रश्न चाळिशीतल्या व्यसनी माणसाबाबत निर्णायक ठरतो. वसतिगृहातील एकोणीस वर्षांच्या मुलाबाबत तो बहुधा निष्फळ जातो. त्या मुलाचा धोका एका शनिवारच्या रात्रीत, मोटारसायकलवर किंवा गच्चीच्या कठड्यावर असतो. महिन्यातून एकदाच पिणारा, परंतु त्या एका वेळी दहाहून अधिक पेये घेणारा विद्यार्थी घ्यावा. पहिल्या प्रश्नाला त्यास १ गुण, दुसऱ्याला ४ आणि तिसऱ्याला २ मिळतात. बेरीज ७. त्या रात्रीचे काही आठवत नाही, किंवा कोणाला इजा झाली, असे त्याने पुढे कबूल केले नाही, तर तो चाळणीतून सुखरूप खाली पडतो. विद्यार्थ्यांसाठी ही सीमा खाली आणावी अशी शिफारस काही संशोधकांनी केली आहे, ती यथार्थच म्हणावी लागेल.

भाषांतराचा प्रश्न याहून नाजूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात एक पेय म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल; अमेरिकेत १४ ग्रॅम. महाराष्ट्रातील विद्यार्थी मात्र पेयांत मोजत नाही, ‘क्वार्टर’मध्ये मोजतो. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या १८० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे सहा पेये. शब्दशः मराठी केलेल्या अर्जावर तो प्रामाणिकपणे ‘एक’ असे लिहील आणि त्याचे उत्तर सहापटीने चुकलेले असेल. मराठी प्रश्नावली तयार करणाऱ्याने शब्दकोशाआधी हे माप पाहावयास हवे.

नैराश्यासाठीची ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली (२००१) आटोपशीर आहे. पण तिचा नववा प्रश्न थेट मरणाच्या व स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्यावर खूण करणाऱ्या विद्यार्थ्याचा कागद गठ्ठ्यात पडून राहिला, तर संस्थेने त्याला विचारले आणि ऐकले नाही, असा त्याचा अर्थ होतो. अर्ज निनावी असेल तर त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही आणि नाव असेल तर उत्तर खरे मिळत नाही. मद्याबाबत हा पेच कायद्यामुळे अधिक घट्ट होतो. अमेरिकेत मद्यपानासाठी वयोमर्यादा २१ आहे. महाराष्ट्रात बीअरसाठी २१ आणि व्हिस्कीसारख्या कडक मद्यासाठी २५. पदवीच्या विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या अर्जावर मद्यपान मान्य करणे म्हणजे नियमभंगाचा लेखी कबुलीजबाबच. अमेरिकेतील एका आत्महत्या-प्रतिबंधक उपक्रमाने यातून मध्यम मार्ग काढला. विद्यार्थी स्वतः निवडलेल्या टोपणनावाने उत्तरे देतो, समुपदेशक त्याला वैयक्तिक उत्तर लिहितो आणि ओळख न देता संवाद चालू राहतो. येथे गुणांपेक्षा उत्तराला महत्त्व आहे.

वॉशिंग्टन विद्यापीठात अॅलन मारलॅट व सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ‘बेसिक्स’ पद्धतीचे बळही त्यातच आहे. चाळणीनंतर प्रत्येक विद्यार्थ्याशी दोष न देता, त्याच्याच उत्तरांच्या आधारे प्रत्यक्ष बोलणे होते. गोव्यातील प्रयोग तर अधिक जवळचा. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ‘ऑडिट’वर १२ ते १९ गुण मिळालेल्या ३७७ पुरुषांचा समावेश होता. मानसोपचाराची पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी त्यांच्यापैकी निम्म्यांशी मोजक्या भेटींत बोलणी केली. तीन महिन्यांनी या गटातील ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते; नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. फरक मोठा नाही, पण खरा आहे. हे पुरुष प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेले होते, विद्यार्थी नव्हते, हे अर्थातच ध्यानात ठेवावे लागेल.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर व अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. तथापि प्रश्नावली वाटण्यास एक दुपार पुरते, तर समुपदेशकाचे पद भरण्यास वेतन लागते. त्यामुळे हे काम आधीच तासिकांनी वाकलेल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाकडे किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याकडे जाण्याचा धोका उघड आहे. तसे होणार असेल, तर अर्ज छापण्याआधी तीन गोष्टी लेखी ठरलेल्या असाव्यात : नवव्या प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी कोण वाचणार, त्या विद्यार्थ्याशी संध्याकाळपूर्वी कोण बोलणार आणि तो कागद शिस्तपालन समितीच्या हाती पडणार नाही याची हमी कोणाच्या सहीने दिली जाणार.