'प्रॉक्सी लावली आहे' म्हणजे नक्की कुठे?

ओपनस्कॅपबद्दल मी नेहमी चांगलंच बोलतो. फुकट आहे, रिपोर्ट वाचता येतो. पण त्यातल्या 'ओएसकॅप-एसएसएच' या स्क्रिप्टने मला जे शिकवलं ते थोडं कडू आहे, आणि त्यात चूक माझीही होती.

नगरला (कागदावर आता अहिल्यानगर) आमच्या लॅबमधली मशीन्स प्रॉक्सीतूनच बाहेर जातात. रेड हॅट लिनक्सची मशीन्स एकेक करून स्कॅन करायची होती. 'सिक्युरिटी अपडेट्स पूर्ण आहेत का' हा नियम तपासायला ओव्हल नावाची फाइल रेड हॅटच्या साइटवरून आणावी लागते. त्यासाठी 'फेच-रिमोट-रिसोर्सेस' हा पर्याय द्यायचा. दिला. डाउनलोड फेल. माझ्या लॅपटॉपवर तर प्रॉक्सी व्यवस्थित होती!

इथेच गंमत आहे. ही स्क्रिप्ट फाइल्स समोरच्या मशीनवर कॉपी करते, ओएसकॅप तिथे चालवते आणि रिपोर्ट परत आणते. म्हणजे डाउनलोड ते मशीन करतं, तुमचा लॅपटॉप नाही. तुमचं एक्स्पोर्ट तिथे आपोआप जात नाही. एसएसएचला 'सेंडएन्व्ह' सांगावं लागतं आणि समोरच्या सर्व्हरने 'ॲक्सेप्टएन्व्ह'मध्ये ते नाव मान्य करावं लागतं.

मग मी समोरच्या मशीनवर बॅश-प्रोफाइलमध्ये ओळ टाकली. लॉगिन करून बघितलं, दिसतेय. स्कॅन पुन्हा फेल. कारण एसएसएचला थेट कमांड दिली की लॉगिन शेल उघडतच नाही, ती फाइल वाचलीच जात नाही. ओळ बॅशआरसीमध्ये हलवली, तर सुडो आडवा आला: तो एन्व्हायर्नमेंट झाडून टाकतो, 'एन्व्ह-कीप'मध्ये लिहिलेलीच नावं ठेवतो. शिवाय मी फक्त एचटीटीपी-प्रॉक्सी लावली होती. पत्ता एचटीटीपीएसचा, त्याचं व्हेरिएबल वेगळं. (आणि कर्ल एचटीटीपी-प्रॉक्सी हे नाव कॅपिटलमध्ये ओळखतच नाही, मुद्दामच, सीजीआयमध्ये बाहेरचा माणूस ते हेडरमधून घुसवू शकतो. 2016 मध्ये 'एचटीटीपॉक्सी' म्हणून गाजलं ते हेच.)

तपासायचं असेल तर एसएसएचमधून 'सुडो एन्व्ह' चालवा. इको करणार असाल तर सिंगल कोट्स वापरा. डबल कोट्समध्ये व्हेरिएबल तुमच्याच लॅपटॉपवर उलगडतं, आणि सगळं छान आहे असं वाटतं. माझा अर्धा दिवस त्यात गेला.

आता खरी तक्रार. कंटाळून मी तो फेचचा पर्यायच काढला. स्कॅन लगेच चालला. वर एक वॉर्निंग आली, ती मी वाचली नाही. नियमाचा निकाल 'नॉटचेक्ड', आणि स्कोअर काढताना असे नियम धरलेच जात नाहीत. म्हणजे जे मशीन अपडेटच्या बाबतीत तपासलंच गेलं नाही, त्याचा स्कोअर तपासून नापास झालेल्या मशीनपेक्षा चांगला! नियमाप्रमाणे हे बरोबर असेल, पण वाचणाऱ्याला फसवणारं आहे. माझ्या टेबलमध्ये तीच मशीन्स वरच्या ओळीत बसली होती. सरांनी विचारलं, "ही एवढी चांगली कशी काय?" तेव्हा ट्यूब पेटली.

प्रॉक्सीचा पासवर्ड 'ईटीसी-एन्व्हायर्नमेंट'मध्ये लिहून मोकळं व्हा, असंही काही जण सांगतात. ती फाइल मशीनवरचा कुणीही वाचू शकतो. सुरक्षा तपासायला जाऊन भोक पाडायचं, हे काही पटत नाही.

शेवटी मी प्रॉक्सीचा नाद सोडला. ओव्हल फाइल एकदाच माझ्याकडे उतरवली, प्रत्येक मशीनवर कॉपी केली आणि तिथल्या ओएसकॅपला 'लोकल-फाइल्स' पर्यायाने दिली. ही फाइल रेड हॅट सतत बदलत असतं, त्यामुळे सोमवारी आणि शुक्रवारी स्कॅन केलेली मशीन्स नाहीतर वेगवेगळ्या मापाने मोजली गेली असती. फाइलची तारीख आता टेबलच्या खाली लिहिलेली आहे, आणि 'नॉटचेक्ड'चा वेगळा रकाना आहे. वरची मशीन्स खाली आली.