फ्लॉरेन्स प्राइस : हरवली की दडपली?

काळ्या कवींची भाषांतरे वाचत आपल्या दोन पिढ्या घडल्या. लँग्स्टन ह्यूज, बाल्डविन आपल्याला परके नाहीत. परंतु काळ्यांचे संगीत म्हटले की ब्लूज आणि जाझपाशी आपणही थांबतो. सिम्फनी ही गोऱ्यांची मिरास, हे जणू आपणही न बोलता मान्य करून टाकले आहे.

2009 साली इलिनॉयमधील सेंट ॲन गावी, एका पडक्या घरात फ्लॉरेन्स प्राइस यांच्या हस्तलिखितांचे गठ्ठे मिळाले. त्यांत चौथी सिम्फनी होती. ती प्रथम वाजली 2018 साली, त्यांच्या मृत्यूनंतर 65 वर्षांनी. तेव्हापासून ‘हरवलेली संगीतकार सापडली’ असा डांगोरा चालू आहे. हा शब्दच मला मान्य नाही. 15 जून 1933 रोजी शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने त्यांची पहिली सिम्फनी भर सभागृहात वाजवली होती. मोठ्या वाद्यवृंदाने काळ्या स्त्रीची सिम्फनी वाजवण्याची अमेरिकेतील ती पहिली वेळ. 1939 साली लिंकन स्मारकासमोर मॅरियन अँडरसन गायल्या, त्यातही प्राइस यांनी बांधलेले एक भक्तिगीत होते. इतक्या उजेडात उभी असलेली बाई हरवते कशी?

1887 साली लिटल रॉक येथे त्यांचा जन्म. बोस्टनला शिकायला गेल्या तेव्हा वर्ण लपवण्यासाठी गाव मेक्सिकोतले नोंदवले गेले. 1927 साली लिटल रॉकमध्ये जमावाने एका काळ्या माणसाची हत्या केली. त्याच वर्षी कुटुंबाने शिकागो गाठले. 1943 साली त्यांनी बोस्टनच्या वाद्यवृंदाचे प्रमुख कुसेवित्स्की यांना लिहिले. आपण स्त्री आहोत आणि काळ्या आहोत, या दोन अडचणी त्यांनी आरंभीच मांडल्या आणि गुणांवर पारख करा, एवढेच मागितले. या पत्राला काही जण विनवणी समजतात. मला ते आरोपपत्र वाटते. कुसेवित्स्कींनी त्यांची एकही रचना वाजवली नाही.

आता खुद्द संगीताकडे. मला पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नाही. एका विद्यार्थ्याने आणून दिलेले ध्वनिमुद्रण मी पुनःपुन्हा ऐकले. पहिल्या सिम्फनीवर द्व्होर्झाकची छाया आहे, हा आक्षेप खरा आहे. दुसऱ्या भागातील पितळी वाद्यांचे स्तोत्रही मला थोडे लांबलेले वाटले. पण तिसरा भाग! तेथे रूढीप्रमाणे ‘स्केर्झो’ यायचा. प्राइस तेथे ‘जुबा’ आणतात. जुबा हे गुलामांचे नृत्य. 1739 च्या बंडानंतर साउथ कॅरोलिनात गुलामांच्या ढोलांवर कायद्याने बंदी आली. ढोल नाही तर नाही. मांडी, छाती, टाळ्या, पाय यांवर ताल धरणारी ही परंपरा. तो ताल त्यांनी व्हायोलिनांच्या अंगात भरला.

ज्यांच्या घरी हलगी होती त्यांना इथे आपले काही आठवेल. परंतु घाईने साम्य काढू नये. तिथे ढोल हिरावला गेला, इथे हलगी वेठ म्हणून गळ्यात बांधली गेली. म्हणून आपल्या वडिलांनी ती टाकली, आणि ते योग्यच केले. प्राइस यांच्यापुढचा पेच वेगळा होता.

त्यांच्या संगीतात विद्रोह कुठे, असे आमचे एक मित्र विचारतात. घोषणा नाही, हे खरे. पण गोऱ्या सभागृहात, गोऱ्या वादकांच्या हातून त्यांनी जुबा वाजवून घेतला.